दीडशे डॉलरची गर्दी

अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या राज्यांत एल्कची शिकार करायची तर परवाना लागतो, बंदूक किंवा धनुष्य लागतं, गुडघे शाबूत लागतात. गेल्या काही वर्षांत या यादीत आणखी एक गोष्ट घुसली आहे: सबस्क्रिप्शन. वर्षाला साधारण दीडशे डॉलर, म्हणजे साडेबारा हजार रुपयांच्या वर. ते भरले की एक वेबसाइट तुम्हाला सांगते की कोणत्या राज्यात, कोणत्या भागात, कोणत्या तारखांसाठी अर्ज केलात तर परवाना लागण्याची शक्यता किती टक्के. तिथे गेल्या वर्षी किती जणांना शिकार मिळाली, सरकारी जमीन किती, नर-मादीचं प्रमाण काय, शिंगं किती मोठी, हेही सांगते. मॅट्रिमोनी साइटवर उंची, पगार आणि गोत्राचे फिल्टर लावावेत तसे इथे डोंगराला फिल्टर लावायचे.

मी डेन्व्हरजवळ राहतो, सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो आणि गेली चार वर्षं शरद ऋतूत एल्कच्या मागे चढ चढतो. ऑफिसात ‘शिकार करणारा इंडियन’ मी एकटाच, शिवाय ‘डेटावाला’, त्यामुळे दर मार्चमध्ये कोणीतरी विचारतंच: ते सबस्क्रिप्शन घेऊ का, पैसे वसूल होतात का? माझं उत्तर ठरलेलं आहे. घेऊ नका. आणि त्याचं कारण दीडशे डॉलरपाशी संपत नाही.

महाराष्ट्रात बसून हे वाचणाऱ्यांसाठी थोडी पार्श्वभूमी. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार उरली ती संस्थानिकांच्या जुन्या फोटोंत, नाहीतर खटल्यांत. इथे गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. एकोणिसाव्या शतकात बाजारात मांस-कातडं विकायला अमेरिकेने आपली जनावरं जवळजवळ संपवली. मग शिकार नियमांत बांधली गेली. जंगली जनावर कोणाच्या मालकीचं नाही, ते सगळ्या जनतेचं, आणि राज्य सरकार त्याचं विश्वस्त, हे तत्त्व रुजलं. शिकाऱ्यांनी परवान्यासाठी भरलेल्या पैशांतून वन्यजीव खाती चालतात. १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार रायफल आणि काडतुसांवरचा ११ टक्के करही वन्यजीवांच्या कामालाच जातो. आज एकट्या कोलोराडोत पावणेतीन-तीन लाख एल्क आहेत, इतर कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोराड भाऊबंद म्हणा. मोठ्या नराचं ऐंशी ते शंभर किलो मांस निघतं, आणि खाण्याजोगं मांस जंगलात टाकून येणं हा कायद्याने गुन्हा आहे. शिकार मुळात करावी का, हा वाद मोठा आहे. तो इथे घालत नाही. ज्याला ती करायचीच नाही त्याचा दीडशे डॉलरचा प्रश्न आधीच सुटलेला आहे.

(जाता जाता एक गंमत. माझ्यासारख्या व्हिसावर आलेल्या परदेशी माणसाला अमेरिकी केंद्रीय कायद्याने एरवी बंदूक बाळगता येत नाही. पण राज्याचा वैध शिकारी परवाना खिशात असेल तर चालतं. कोलोराडोत १ जानेवारी १९४९ नंतर जन्मलेल्या प्रत्येकाला आधी शिकारीचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. त्या वर्गात माझ्या शेजारी अकरा वर्षांची एक मुलगी होती. तिला माझ्यापेक्षा जास्त मार्क पडले.)

आता मूळ मुद्दा. राज्याचे तुकडे पाडलेले असतात, त्यांना युनिट म्हणतात. दरवर्षी वन्यजीव खात्याचे जीवशास्त्रज्ञ हेलिकॉप्टरने वगैरे मोजणी करतात आणि कोणत्या युनिटमध्ये यंदा किती परवाने द्यायचे ते ठरतं. या परवान्याला ‘टॅग’ म्हणतात. चांगल्या युनिटचे टॅग कमी आणि मागणारे फार, म्हणून सोडत निघते. सोडतीचे नियम राज्यागणिक वेगळे. कोलोराडोत हरलात की एक पॉइंट मिळतो, आणि बहुतेक टॅग ज्याचे पॉइंट जास्त त्याला आधी. नेवाडात तुमच्या पॉइंटचा वर्ग करून तितक्या चिठ्ठ्या टाकतात. ॲरिझोनात २० टक्के टॅग सर्वाधिक पॉइंटवाल्यांसाठी राखून ठेवतात. युटात निम्मे वरच्या पॉइंटवाल्यांना, निम्मे नशिबाने. न्यू मेक्सिको आणि आयडाहोत पॉइंटच नाहीत. न्यू मेक्सिकोत सोडतीतले ८४ टक्के टॅग स्थानिकांना, १० टक्के गाइड घेऊन येणाऱ्यांना आणि उरलेले ६ टक्के बाहेरून स्वतःच्या जिवावर येणाऱ्यांना. वायोमिंगमध्ये बाहेरच्या माणसाला एल्कचा नुसता एक पॉइंट विकत घ्यायला वर्षाला ५२ डॉलर पडतात. आणि टॅग मिळाला तरी घोषित ‘वाइल्डरनेस’ क्षेत्रात तो गाइडशिवाय शिकार करू शकत नाही.

डोकं गरगरलं ना? तो गरगराट हाच या सबस्क्रिप्शनचा कच्चा माल आहे.

मी इंजिनिअर म्हणून प्रामाणिकपणे सांगतो, या साइट्स बनवल्या छान आहेत. फिल्टर चटकन चालतात, नकाशा अडकत नाही, सात-आठ राज्यांचे वेगवेगळे नियम एकाच खिडकीत बसवणं हे खरंच कष्टाचं काम आहे. यात बेकायदा काही नाही, फसवणूकही नाही. माझा आक्षेप मालाच्या दर्जावर नाहीच. हा माल कसा वापरला जातो आणि वापरल्यावर त्याचं काय होतं, त्यावर आहे.

पहिली गोष्ट, ही माहिती कोणाची आहे? कोलोराडो पार्क्स अँड वाइल्डलाइफ हे खातं दरवर्षी सोडतीचा सगळा हिशोब प्रसिद्ध करतं. कोणत्या टॅगसाठी किती पॉइंटवाले किती जण आले, किती जणांना मिळाला, सगळं. फुकट. शेकडो पानांच्या पीडीएफमध्ये, हेही खरं. शिकारीचे आकडे वेगळ्या फाइलमध्ये, कळपांच्या मोजणीचे आणखी वेगळ्या. मी एका शनिवारी पायथॉनमध्ये तीनेकशे ओळी लिहून त्या पीडीएफमधून मला हव्या त्या चार युनिटचे पाच वर्षांचे आकडे काढले. दुपारी जेवणापर्यंत झालं होतं. कोड येत नसेल तरी चार युनिट वहीत उतरवायला एक संध्याकाळ पुरते. आयडाहो, युटा आणि वायोमिंगची खाती स्वतःच फुकट ‘हंट प्लॅनर’ चालवतात, कोलोराडोचा फुकट ‘हंटिंग ॲटलस’ आहे. ही माहिती गोळा करायचा खर्च शिकाऱ्यांनी परवान्याच्या फीमधून एकदा भरलेला आहे. सबस्क्रिप्शन म्हणजे आपणच वर्गणी काढून बांधलेल्या विहिरीचं पाणी बाटलीत भरून आपल्यालाच विकणं.

इंजिनिअरिंगला गेलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. कॅप राउंडच्या वेळी सीईटी सेल मागच्या वर्षीचे कटऑफ फुकट टाकतो, तरी ‘कॉलेज प्रेडिक्टर’ विकणाऱ्यांची दुकानं जोरात असतात. आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांनी तो घेतला होता. सीओईपीच्या जागा त्यामुळे एकानेही वाढल्या नाहीत.

घोडं इथेच पेंड खातं. टॅगची संख्या कळपावरून ठरते, सबस्क्रिप्शन घेणाऱ्यांच्या संख्येवरून नाही. एक काल्पनिक युनिट घ्या. ४० टॅग, गेल्या वर्षी २०० अर्ज, म्हणजे शक्यता २० टक्के. बाकीच्या युनिटमध्ये ती पाच-सात टक्के आहे. साइटवर फिल्टर लावला की हे युनिट वर येतं. तुम्ही खूश. पण तोच फिल्टर तुमच्यासारख्याच हजारोंनी लावला आहे आणि त्यांनाही तेच युनिट वर दिसतं आहे. यंदा ४०० अर्ज आले की शक्यता १० टक्के. तुम्हाला दाखवलेला आकडा खोटा नव्हता, तो गेल्या वर्षीचा होता. तो पैसे घेऊन वाटला गेला आणि वाटला गेल्यामुळे शिळा झाला. लक्ष्मी रोड तुंबला की गूगल मॅप्स सगळ्यांना एकाच गल्लीत वळवतं आणि दहा मिनिटांत गल्ली तुंबते, तसंच. त्यावर या साइट्स ‘कोणाला माहीत नसलेली युनिटं’ असे लेखही छापतात. हजारो वर्गणीदारांना सांगितलेलं गुपित!

म्हणूनच मी नकाशाच्या ॲपला या आरोपातून वगळतो. ऑनएक्ससारखं ॲप जमिनीच्या मालकीच्या रेषा दाखवतं: इथवर सरकारी, इथून पुढे खासगी. पश्चिमेत या जमिनी बुद्धिबळाच्या पटासारख्या मिसळलेल्या आहेत, डोळ्यांना रेघ दिसत नाही. २०२१मध्ये मिसुरीहून आलेले चार शिकारी वायोमिंगच्या एल्क माउंटनजवळ एका सरकारी चौकोनातून दुसऱ्या सरकारी चौकोनात नेमक्या कोपऱ्यावरून गेले, खासगी जमिनीला पाय न लावता. जमीनमालकाने त्यांना कोर्टात खेचलं. २०२५मध्ये फेडरल अपील कोर्टाने शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. तो कोपरा त्यांना फोनवरच्या नकाशामुळे सापडला होता. अशा माहितीला पैसे द्यावेत. तुमच्याकडे तो नकाशा आहे म्हणून माझ्याकडचा नकाशा खोटा होत नाही. पण शक्यतेची टक्केवारी तुमच्याकडेही आहे म्हणून माझ्याकडची टक्केवारी खोटी होते. विकत घ्यायच्या माहितीत हा फरक करायला शिकलं पाहिजे, आणि नुसत्या शिकारीतच नव्हे.

दुसरं, यशाची टक्केवारी. ‘या युनिटमध्ये ६२ टक्के शिकाऱ्यांना एल्क मिळालं’ असं हिरव्या रंगात लिहिलेलं दिसलं की बोट आपोआप अर्जाकडे जातं. कोलोराडोत हा आकडा सर्वेक्षणातून येतो. हंगामानंतर शिकाऱ्यांना विचारतात, उत्तर देणं ऐच्छिक असतं, आणि मिळालेल्या उत्तरांवरून अंदाज बांधतात. एखाद्या छोट्या सोडतीत वीस टॅग असतील आणि आठच जणांनी उत्तर दिलं असेल तर पाच ‘हो’ म्हणजे ६२ टक्के. एकाने उत्तर बदललं की पन्नास. खात्याला हे माहीत असतं, म्हणून ते त्याला अंदाजच म्हणतं. वेबसाइटच्या फिल्टरमध्ये तोच अंदाज काटेकोर संख्या होऊन बसतो आणि त्यावरून डोंगरांची क्रमवारी लागते. माझ्या कामात असला डॅशबोर्ड कोणी दाखवला तर मी पहिला प्रश्न विचारेन: सॅम्पल किती होतं?

आणि बर्फ? २०२२-२३च्या हिवाळ्यात कोलोराडोच्या वायव्येला, क्रेग-मीकरच्या बाजूला, इतकं बर्फ पडलं की हरणं, प्रॉन्गहॉर्न, एल्क, सगळीच उपासमारीने मेली. खात्याने पुढच्या हंगामाचे टॅग झपाट्याने कापले. याच पट्ट्यात २, १० आणि २०१ ही युनिटं येतात, ज्यांच्या नराच्या टॅगसाठी लोक वीस-वीस वर्षं पॉइंट साठवतात. कुठलीही मागच्या वर्षांची सरासरी काढा, त्यात तो हिवाळा मागाहूनच येणार. क्रेगच्या ऑफिसातल्या माणसाला तो फेब्रुवारीतच खिडकीतून दिसत होता.

यापुढचा मुद्दा मला सगळ्यात जास्त खुपतो. या धंद्याला पैसे कधी मिळतात? तुम्ही शिकारीला जाता तेव्हा नव्हे, वाट पाहता तेव्हा. जो माणूस दरवर्षी सहज मिळणारा टॅग घेऊन एकाच डोंगरात जातो त्याला दुसऱ्या वर्षी सबस्क्रिप्शनची गरज उरत नाही. जो सहा राज्यांत पॉइंट साठवत बसतो त्याला ते कायम लागतं. मग गोडवे कशाचे गायले जातील? मोठ्या शिंगांचे, वीस पॉइंटच्या युनिटचे, ‘आयुष्यात एकदाच’वाल्या शिकारीचे. जोडीला वर्गणीदारांसाठी लकी ड्रॉ, आणि काही कंपन्यांच्या स्वतःच्या दुकानातून बूट-दुर्बीण घेतलीत तर सूट. सल्ला देणारा आणि सामान विकणारा एकच असला की सल्ला कोणत्या दिशेने झुकतो हे आपल्याला एलआयसीच्या एजंटने केव्हाच शिकवलं आहे.

रांगेचं गणित तर बघा. समजा एका युनिटमध्ये वर्षाला ३० टॅग निघतात आणि वीसच्या वर पॉइंट असलेले ९०० जण आधीच रांगेत आहेत. नवीन कोणी आलंच नाही तरी ती रांग संपायला ३० वर्षं. तुम्ही आज २८ वर्षांचे असाल आणि शून्य पॉइंटवर उभे असाल तर तुमचा नंबर साठीच्या घरात लागेल, तोही पुढच्यांपैकी कोणी परत रांगेत आलं नाही तर. दरवर्षी लागणारे पॉइंट वाढतच जातात, त्याला इथे ‘पॉइंट क्रीप’ म्हणतात. याला एकटी सबस्क्रिप्शन जबाबदार नाही, हे मान्य. २०१८मध्ये कोलोराडोने टॅगची पूर्ण रक्कम आधी भरायची अट काढली आणि अर्जांचा पूर आला. पुढे कोविडमध्ये सगळी अमेरिका डोंगरात निघाली. यूट्यूबवर रोज एक नवा शिकारी उगवतो. पण या आगीत टक्केवारीचं तेल ओतून वर त्याचे पैसे घेणारं दुकान एकच आहे.

आमच्या कंपनीच्या ओहायो ऑफिसात माझा एक मित्र आहे, मला तो भावासारखा. सहा वर्षं तो हे सबस्क्रिप्शन भरतो आहे. चार राज्यांत अर्ज करतो, पॉइंट विकत घेतो, रंगीत एक्सेल ठेवतो. मार्च महिन्यात त्याच्याशी बोलावं, नेवाडाच्या वर्गांपासून न्यू मेक्सिकोच्या टक्क्यांपर्यंत सगळं पाठ. सहा वर्षांत त्याने एकदाही एल्कची शिकार केलेली नाही. एकदाही! सबस्क्रिप्शनचेच नऊशे डॉलर झाले. बाहेरच्या माणसाला कोलोराडोत नर एल्कचा टॅग आठशे डॉलरच्या आसपास पडतो. आणि २०२५पासून पश्चिम कोलोराडोतला धनुष्याचा टॅग बाहेरच्यांसाठी सोडतीत गेला असला, तरी त्याही वर्षी रायफलच्या दुसऱ्या-तिसऱ्या हंगामाचा टॅग कित्येक युनिटसाठी थेट काउंटरवर मिळत होता. सोडत नाही, पॉइंट नाही, पैसे भरा आणि जा. त्याला मी हे विचारलं तेव्हा तो म्हणाला, तिथे यशाचं प्रमाण फार कमी आहे रे, साइटवर लाल दाखवतात.

कमी आहेच. कोलोराडोत सगळे हंगाम धरून पाच शिकाऱ्यांमागे जेमतेम एकाला एल्क मिळतं. पण त्या पाचातले चार पाच-सहा दिवस डोंगरात राहून काहीतरी शिकून येतात. माझा मित्र सहा वर्षं उंटावरून शेळ्या हाकतोय, आणि शेळ्या सगळ्या स्क्रीनवर.

मी काय शिकलो ते सांगतो. सकाळी हवा डोंगरावरून खाली वाहते, ऊन चढलं की उलटी फिरून खालून वर जाते. त्या फिरण्याच्या वेळी तुम्ही चुकीच्या बाजूला असाल तर एल्कला तुमचा वास लागतो आणि ते तुम्हाला न दिसताच निघून जातं. दुपारी ते उत्तरेकडच्या उतारावरच्या काळोख्या झाडीत बसतं. हंगामाच्या पहिल्या दिवशी गाड्यांचा आवाज सुरू झाला की माझ्या युनिटमधला कळप एका ठरावीक खिंडीतून पलीकडे जातो. ती खिंड मला तिसऱ्या वर्षी कळली. माझं युनिट कुठल्याही फिल्टरमध्ये वर येत नाही: शिंगं मध्यम, यश कमी, चढ मरणाचा. मी बहुतेकदा मादीचा टॅग घेतो, जो सहज मिळतो. इथला रहिवासी म्हणून मला एल्कचा टॅग साठ-सत्तर डॉलरला पडतो, म्हणजे ते सबस्क्रिप्शन माझ्या टॅगच्या दुपटीहून महाग. गेल्या ऑक्टोबरात मिळालेली मादी अजून फ्रीजरमध्ये आहे. आईला व्हिडिओ कॉलवर विचारून काळ्या मसाल्यात केलेली पहिली भाजी चिवट झाली, दुसरी झकास.

‘माझा वेळ महाग आहे’ हे उत्तर मला नेहमी मिळतं. आयटीवाल्यांकडून तर हमखास. तासाचे अमुक डॉलर कमावतो, मग पीडीएफ कशाला चाळू? अरे, पण शिकार म्हणजे वेळ घालवणंच आहे. ज्याला चार युनिटची पीडीएफ वाचायला वेळ नाही तो अकरा हजार फुटांवर पाच दिवस एका कुरणाकडे बघत कसा बसणार? आणि साइट जो वेळ वाचवते म्हणतात तो वाचत नाही, मित्राला बघा. दोनशे युनिटची तुलना करता येते म्हणून माणूस दोनशेंची तुलना करत बसतो. ज्याला दोनच माहीत आहेत तो गाडीत पेट्रोल भरतो.

दुसरा युक्तिवाद मात्र मला मानावा लागतो: सरकारी वेबसाइट भयानक आहेत. आहेत. प्रत्येक राज्याचा वेगळा साचा, मधूनच कॉलमचं नाव बदलतं, काही तक्ते तर स्कॅन केलेले वाटतात. पण मग भांडायचं कोणाशी? खात्याशी. परवान्याचे पैसे आपण भरतो, आकडे आपले आहेत, तर ते साध्या स्प्रेडशीटमध्ये, दरवर्षी त्याच साच्यात द्या, ही मागणी करायला दीडशे डॉलर लागत नाहीत. वन्यजीव आयोगाच्या बैठका खुल्या असतात, तिथे कोणीही उठून बोलू शकतं. न्यू मेक्सिको सोडतीचे आकडे स्प्रेडशीटमध्ये देतंच, म्हणजे जमतं. वर्गणीदारांपैकी थोड्यांनीही ही मागणी लावून धरली तर हा धंदा निम्मा उठेल. ती लावून धरली जात नाही, कारण पैसे भरलेल्याला आपल्याकडे काहीतरी खास आहे असं वाटत असतं आणि फुकटात सगळ्यांना मिळालं तर ते खास राहत नाही.

कोणी घ्यावं तर? ज्याला खरोखर पाच-सहा राज्यांत मोठ्या शिंगांमागे जायचं आहे, दरवर्षी दोन-तीन हजार डॉलर अर्ज आणि पॉइंटांवर घालायची तयारी आहे आणि टॅग लागला नाही तरी झोप उडत नाही, त्याने खुशाल घ्यावं. त्याच्या खर्चात दीडशे म्हणजे चहापाणी. तो एक छंद आहे, शेअर बाजारासारखा. फक्त त्याला शिकार म्हणू नये. नव्याने सुरू करणाऱ्याने, पंचविशीतल्या पोरापोरींनी, पहिलं एल्क अजून न पाहिलेल्याने तर अजिबात घेऊ नये.

मित्राकडे कोलोराडोचे सहा पॉइंट आहेत. मी त्याला म्हटलं, यंदा ते उडवून टाक. सहा पॉइंटमध्ये वीसवाली युनिटं मिळणार नाहीत, पण बरी मधली मिळतील, आणि पुढच्या वर्षी त्याच सहांची किंमत आजच्यापेक्षा कमीच असेल. युनिट निवडलं की पुढच्या वर्षी पॉइंट असो नसो, मादीचा टॅग घेऊन तिथेच ये. कोलोराडोची मुदत एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी रात्री आठला संपते. त्याआधी त्या भागाच्या जीवशास्त्रज्ञाला फोन कर. फोन उचलतात, आणि पैसे घेत नाहीत. ‘कुठे जाऊ’ असं विचारू नकोस, ते त्यांना रोज पन्नास जण विचारतात. यंदा हिवाळा कसा गेला, मागच्या वणव्यानंतर गवत कुठे उगवलंय, ऑक्टोबरात कोणता रस्ता बंद होतो, हे विचार.

त्याने वही काढली आणि पहिला प्रश्न लिहून घेतला. मग विचारलं, त्या जीवशास्त्रज्ञाचं रेटिंग कुठे बघायला मिळेल?